ओटो उपाशी मरतो: मराठवाड्यात ओटोसिंक्लस वर्षानुवर्षं जगवायचा कसा

टँकच्या काचेवर तपकिरी थर धरू लागला की दुकानदार हमखास ओटोकडे बोट दाखवतो. जेमतेम दीड इंचाचा मासा, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी पट्टी, तोंड खालच्या अंगाला आणि दिवसभर काचेला नाहीतर पानाला चिकटून खरवडत राहायची सवय. "दोन ओटो सोडा, आठ दिवसांत काच लख्ख." काच खरोखर लख्ख होते. मग महिनाभरात ओटो एकेक करून जातात आणि घरचे म्हणतात, आपल्या बोअरचं पाणी त्यांना मानवलं नाही. पाण्याचाही वाटा असतोच, पण बहुतेक ओटो मरतात ते भुकेने. काच लख्ख झाली त्याच दिवशी त्यांचं खाणं संपलेलं असतं.

ओटोसिंक्लस हा दक्षिण अमेरिकेतला मासा. आपल्याकडचा ओळखीचा सकर ज्या कुळातला, त्याच कुळातला, पण सकर फूटभराच्या वर वाढतो आणि हा चार-साडेचार सेंटीमीटरवर थांबतो. बाजारात येणारे बहुतेक ओटो आजही नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून निर्यातदार, विमान, मुंबई किंवा कोलकात्याचा ठोक व्यापारी, मग तुमच्या गावचं दुकान, एवढ्या प्रवासात त्यांना खायला जवळपास काहीच मिळत नाही. शेवाळ पचवायला आतड्यातले जिवाणू मदत करतात असं मानतात, लांबलेल्या उपासात तेही कमी होत असावेत. म्हणून दुकानात दिसणारा ओटो आधीच अर्धा खंगलेला असतो, हे धरूनच सगळी तयारी करायची. पहिला दीड-दोन महिने निभावला की हाच मासा चिवट निघतो आणि तीन ते पाच वर्षं सहज राहतो.

आधी टँक जुना होऊ द्या

नव्या टँकमध्ये ओटो सोडू नका, हा नियम मी कुणासाठीही सैल करत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओटोसाठी तेवढंही पुरत नाही. त्याला दगडांवर, लाकडावर, पानांवर हाताला किंचित बुळबुळीत लागणारा थर हवा. त्या थरात शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्म जीव सगळंच असतं आणि ओटोचं खरं अन्न तेच. असा थर नीट धरायला तीन महिने तरी द्या. तोवर टँकमध्ये चार-पाच गप्पी राहू द्या.

टँक दोन फुटी घ्या. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच अशा पेटीत काठोकाठ सुमारे ७० लिटर पाणी मावतं, दगड-वाळू वजा जाता ६० धरा. त्यात सहा ओटो आणि थोडे लहान, शांत सोबती. ओटो कळपात राहणारा मासा आहे. एकटा-दुकटा ठेवला तर तो लपून बसतो आणि लपलेला ओटो खात नाही. फिल्टर स्पंजचा घ्या: स्वस्त असतो, साध्या हवेच्या पंपावर चालतो, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीच्या पंपावरही चालवता येतो आणि त्या स्पंजवरही ओटो चरतात. झाडांमध्ये अनुबियास, जावा फर्न, ॲमेझॉन स्वोर्ड, म्हणजे रुंद आणि टणक पानांची.

दगड आपल्याकडे फुकट आहेत. मराठवाड्याचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही आणि खरबरीत असल्याने त्यावर शेवाळ छान धरतं. फक्त त्यावर पांढऱ्या रेघा किंवा खडे असतील तर लिंबू पिळून बघा. फेस आला तर तो दगड बाजूला ठेवा. काळ्या मातीत सापडणारी चुनखडी तर मुळीच नको, ती पाणी आणखी जड करत राहते.

पाणी: बोअर, नळ, जार

ओटोला मऊ ते मध्यम पाणी आवडतं. पीएच (पाणी किती आंबट किंवा खारट-अल्कधर्मी आहे त्याचं माप) ६.५ ते ७.५ आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १५० ते ३०० च्या दरम्यान असला की चिंता नाही. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं, नांदेडला विष्णुपुरीचं किंवा लातूरला मांजरा धरणाचं पाणी नळाला येतं ते बोअरपेक्षा बरंच हलकं असतं. बोअरचं मात्र ठिकाणागणिक बदलतं. ७००, ९००, कुठे हजाराच्याही वर. त्यामुळे टीडीएस मीटर ही या छंदातली पहिली खरेदी असू द्या, मासे नंतर.

जड पाण्यावर उपाय सोपा आहे. गल्लीतल्या प्लांटचा २० लिटरचा जार किंवा घरच्या आरओचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळायचं. बोअरचा टीडीएस ९०० आणि जारचा ५० असेल तर एक बादली बोअर आणि तीन बादल्या जार मिळून साधारण २६० येतो. नुसतं जारचं पाणी घालायचं नाही. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएचला आधार राहत नाही आणि तो अचानक घसरतो. जार थंड करून येत असेल तर तो रात्रभर बाहेर ठेवून मगच वापरा.

टँकरच्या दिवसांत जास्त सावध राहावं लागतं. आजचा टँकर एका विहिरीचा, परवाचा दुसऱ्या. प्रत्येक वेळी मीटर बुडवून बघा आणि मिश्रणाचं प्रमाण त्याप्रमाणे बदला. एकवेळ थोडं जड पण स्थिर पाणी ओटो सोसतो, दर आठवड्याला बदलणारं पाणी त्याला सोसत नाही. शेताजवळच्या बोअरमध्ये खतांमुळे नायट्रेटही असू शकतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, टँकमध्ये ते २० च्या आत ठेवायचं, म्हणून एकदा किटने तपासून घ्या.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वेगळं. पावसाळ्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा हात सैल पडतो आणि बादलीतून उग्र वास येतो. ते पाणी उघड्या ड्रममध्ये हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली घरोघरची पद्धत आहे, पण ते पाणी टँकसाठी घेऊ नका.

जड पाण्याचा पीएच सहसा आठच्या आसपास असतो आणि इथेच एक छुपा धोका आहे. अमोनियाचं विषारी रूप पीएचप्रमाणे वाढतं. पीएच ७ चा ८ झाला की तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. मऊ पाण्याच्या प्रदेशात खपून जाणारी थोडीशी घाण आपल्याकडे मारक ठरते ती यामुळे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, इथे तडजोड नाही.

दुकानात फक्त पोट बघा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत खरेदी करा. एप्रिल-मेमध्ये ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेला ओटो घेणं म्हणजे पैसे आणि जीव दोन्ही घालवणं.

दुकानात माल आला त्या दिवशी घेऊ नका. सांगून ठेवा, "भाऊ, आठ दिवस राहू द्या, जगतील त्यातले घेतो." आठ दिवसांनी टँकसमोर बसा आणि मासे काचेला चिकटेपर्यंत थांबा. काचेतून पोट थेट दिसतं. भरलेल्या हरभऱ्याच्या घाट्यासारखं फुगीर, पांढुरकं पोट असलेला मासा घ्या. पोट सपाट असेल तर विचार करा. पोट आत गेलं असेल आणि पाठीजवळ, डोक्यामागे खळगा दिसत असेल तर तो मासा घरी आणून वाचवू असं मनात आणू नका, तो क्वचितच वाचतो. पट्टी गडद हवी, पंख फाटलेले नकोत, नाकाशी किंवा पोटावर लाली नको. जाळी जवळ नेल्यावर मासा चपळाईने पळाला पाहिजे.

नावाचीही खातरजमा करा. अल्जी ईटर म्हणून पिवळाधमक गोल्डन अल्जी ईटर गळ्यात मारला जातो. तो वीत-सव्वा वीत वाढतो, दांडगट होतो आणि दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. आणि सकर कुणी दिलाच, तर मोठा झाला म्हणून नदीत, तलावात सोडू नका. देशातल्या अनेक जलाशयांत तो पसरला आहे आणि मच्छीमारांना त्याचा त्रास होतो आहे.

घरी आणल्यावर

गावातल्याच दुकानातून आणला असेल तर पिशवी अर्धा तास टँकवर तरंगू द्या. मग मासे पाण्यासकट लहान बादलीत ओता आणि मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी टँकमधून बादलीत सोडा. चाक फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असं लावा. बादलीतलं पाणी तिप्पट होईपर्यंत, म्हणजे तास-दीड तास हे चालू द्या. नंतर जाळीने मासे टँकमध्ये सोडा, दुकानाचं पाणी मोरीत.

रात्रभराच्या प्रवासातून पिशवी आली असेल तर मात्र इतका वेळ लावू नका. बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण पीएच उतरल्यामुळे तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी न उघडता तापमान जुळवा, उघडल्यावर टँकचं पाणी दोन-तीन वेळा घालून दहा-पंधरा मिनिटांत मासे टँकमध्ये घ्या. दुकानदाराच्या पाण्याचा टीडीएस आधी विचारून आपल्या टँकचा त्याच्या जवळपास ठेवलेला असला तर उत्तम.

पहिले दोन दिवस लाईट मंद ठेवा. मासे लपतील, लपू द्या.

खाणं: शेवाळ गच्चीवर पिकवा

साठ लिटरच्या टँकमध्ये आपोआप उगवणारं शेवाळ सहा ओटोंना कायमचं पुरत नाही. बाहेरून खाणं द्यावंच लागतं आणि इथे मराठवाड्याइतकी सोय थोड्या ठिकाणी असेल, कारण आपल्याकडे ऊन आहे.

एक प्लास्टिकचं पांढरं टब किंवा घमेलं घ्या. टँकचं पाणी बदलताना काढलेलं पाणी त्यात भरा. त्या पाण्यात नायट्रेट असतं, शेवाळाला तेच खत. मुठीएवढे दहा-बारा काळे दगड घासून धुऊन त्यात एका थरात मांडा, वरून पाणी चार बोटं येऊ द्या. मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि डेंग्यूच्या दिवसांत शेजारी बोलतील ते बरोबरच बोलतील. थंडीत टब पूर्ण उन्हात चालतं. मार्चनंतर फक्त सकाळचं ऊन मिळेल अशा जागी हलवा किंवा वर शेडनेट टाका, कारण दुपारी ते पाणी इतकं तापतं की शेवाळ जळून पांढरं पडतं. रोज उडालेलं पाणी तेवढं भरत राहा.

आठ-दहा दिवसांत दगडांवर आधी तपकिरी आणि मग हिरवी झाक येते. बोट फिरवलं की बोटाला हिरवं लागलं पाहिजे. ते शेवाळ ओटो आवडीने खातो. नखानेही न निघणारे कडक हिरवे ठिपके, लांब धाग्यांचं शेवाळ आणि काळं केसाळ शेवाळ तो खात नाही, त्यामुळे तशा टँकमध्ये शेवाळ असूनही तो उपाशी राहतो. तयार दगड क्लोरीन नसलेल्या पाण्यात हलकेच बुचकळून टँकमध्ये ठेवा. थोड्या वेळात मासे त्यावर येतात आणि दगडावर खरवडल्याचे चट्टे उमटू लागतात. दोन दिवसांत शेवाळ संपून दगड पुन्हा काळा दिसतो. तो परत टबात, दुसरा आत. दगडांचे दोन संच असले की चक्र तुटत नाही. ओढ्यातून आयते हिरवे दगड मात्र आणू नका. त्यांच्याबरोबर परजीवी येतात, शेतातल्या फवारणीचा अंशही येतो.

दगडांच्या जोडीला भाज्या. गिलकं, दुधी, दोडकं यांची साल काढायची, कारण फवारणीचा अंश सालीवर जास्त असतो. पाव इंच जाडीच्या चकत्या करून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवायच्या आणि गार झाल्यावर स्टीलच्या चमच्याला किंवा दगडाला अडकवून संध्याकाळी तळाशी सोडायच्या. काकडी चालते, पण तिच्यात पाणीच जास्त. नवा ओटो भाजीला पहिले काही दिवस तोंडही लावत नाही, नदीत त्याने ती कधी पाहिलेली नसते. निराश होऊ नका. तो जिथे बसतो तिथेच रोज चकती ठेवा. एकाने खायला सुरुवात केली की बाकीचे येतात. सकाळी उरलेली चकती काढून टाकायची.

मला सर्वांत खात्रीचं वाटतं ते घरचं लेपाचं खाणं. स्पिरुलिना पावडर दोन चमचे, उकडून सोललेले मटार दोन चमचे, दोन्ही मिक्सरमधून बारीक करा. अर्धी वाटी पाण्यात एक चमचा चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, कोमट झाल्यावर लगदा त्यात ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत खरबरीत दगडावर बोटाने पातळ लेप द्या. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलं की लेप धरतो. ओटोचं तोंड सपाट जागा खरवडायला बनलेलं आहे, त्यामुळे तळाशी पडलेल्या गोळीपेक्षा दगडावरचा लेप त्याला लवकर कळतो. मीठ, मसाला, तेल यातलं काहीही नको. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा.

साफसफाईत हात आखडता घ्या. समोरची काच पुसा, मागची आणि बाजूच्या दोन तशाच सोडा. पाहुणे येणार म्हणून दगड घासून चकचकीत करणं ओटोच्या जिवावर बेततं. आठवड्याला १५ ते २० टक्के पाणी बदला, स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. आणि आठवड्यातून एकदा, लाईट लावल्यावर, प्रत्येक मासा काचेला चिकटलेला बघून त्याचं पोट तपासा. एकाचंच पोट खपाटीला गेलं असेल तर त्याला हिरव्या दगडांसह वेगळ्या पेटीत ठेवा. सगळ्यांचंच गेलं असेल तर खाणं वाढवा. खात असूनही बारीक होत जाणाऱ्या माशाच्या पोटात जंत असण्याची शक्यता असते. नदीतून पकडलेल्या माशांत ते आढळतात.

उन्हाळा

ओटोला २२ ते २६ अंश मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४१-४२ असताना बंद खोलीतला टँक ३२ च्या वर जातो. गरम पाण्यात तीन गोष्टी एकदम होतात. ऑक्सिजन कमी होतो: २५ अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० ला ७.६. माशाची भूक वाढते. आणि भाजी लवकर सडते. त्यामुळे उन्हाळ्यात चकती चार-पाच तासांत काढा, पण खाण्याच्या वेळा वाढवा.

आपली हवा कोरडी आहे याचा फायदा घ्या. काचेचं झाकण काढून जाळी बसवा आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो, पण तोवर हवाही उतरलेली असते. कूलरची खोली असेल तर टँक तिथेच ठेवा. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या निकडीलाच वापरा, एका वेळी एक, तासाला एखाद-दुसऱ्या अंशापेक्षा जास्त उतार नको. टँकचा दिवा सहा तासांवर आणून संध्याकाळी लावा.

उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त जारचं किंवा आरओचं पाणी भरायचं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. महिनाभर बोअरचं पाणी भरत राहिलात तर टीडीएस दुप्पट होऊन बसतो. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी थेट ओतू नका, ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

ओटो मधूनच वर झेपावून हवेचा घोट घेतो. तेवढ्यावरून घाबरू नका, हवेतला ऑक्सिजन वापरण्याची सोय त्याच्याकडे आहे. सगळेच सारखे वर जाऊ लागले तर मात्र पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय, लगेच हवेचा दगड वाढवा. लाईट जाण्याची सवय असलेल्या गावात हवेचा पंप इन्व्हर्टरवरच जोडा, तो अगदी थोडी वीज घेतो. बॅटरीवर चालणारा एक पंपही घरात असू द्या.

थंडीत परभणीसारख्या ठिकाणी रात्रीचा पारा दहाच्याही खाली जातो. तेव्हा ५० वॉटचा हीटर २३-२४ वर लावून ठेवा.

औषधं, डास आणि सोबती

मासा सुस्त दिसला की मूठभर मीठ आणि निळं औषध टाकायची आपल्याकडे फार घाई असते. ओटोला मीठ सोसत नाही, तांब्याची औषधं तर त्याच्यासाठी घातक आहेत आणि मिथिलीन ब्लूने फिल्टरमधले जिवाणू मरतात. आधी अमोनिया, नायट्राइट आणि तापमान मोजा, चौथा हिस्सा पाणी बदला. औषध द्यावंच लागलं तर वेगळ्या पेटीत आणि अर्ध्या मात्रेपासून सुरुवात करा.

डासांसाठीचं लिक्विड मशीन, कॉईल, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड द्रव्यं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत यातलं काहीही लावू नका. गल्लीत धुराची फवारणी आली की टँक ओल्या चादरीने झाका, खिडक्या बंद करा आणि धूर विरेपर्यंत पंप बंद ठेवा.

सोबतीला गप्पी, लहान टेट्रा, रासबोरा, कोरीडोरास, कोळंबी चालतात. गोल्डफिश आणि सिक्लिड नकोत. मोठा मासा ओटो गिळायला बघतो, ओटो पंखांचे काटे ताठ करतो आणि घशात अडकून दोघंही मरू शकतात.

सुट्टीत गावी जायचं तर आठ दिवसांसाठी तीन-चार चांगले हिरवे दगड आत ठेवा, पाणी आदल्या दिवशी न बदलता तीन दिवस आधी बदला आणि दिव्याला टायमर लावा. शेजारच्या काकूंना खाणं टाकायला सांगू नका. मायेने जास्तच पडतं आणि पाणी नासतं. चावी द्यायचीच असेल तर एवढंच सांगा: टँक खुणेच्या रेघेखाली उतरला तर बाजूला ठेवलेल्या जारमधलं तांब्याभर पाणी घालायचं आणि इन्व्हर्टर बसला तर बॅटरीचा पंप चालू करायचा.